स्लॅब पडायच्या आधी छताचं ठरवा

धनकवडीत आम्ही बावीस वर्षं राहिलो, सोसायटीच्या सगळ्यात वरच्या मजल्यावर. मे महिन्यात रात्री नऊ वाजता गॅलरीत छान वारा सुटलेला असायचा आणि आत पंखा लावला की गरम हवा अंगावर यायची. सासूबाई ओला पंचा छातीवर घेऊन झोपायच्या. मी अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवते, त्यामुळे असं का होतं ते मला कळत होतं, पण सोसायटीच्या गच्चीवर आपल्या एकट्याचं काही चालत नाही. एका वर्षी गळती थांबवायला गच्चीभर काळा डांबरी फेल्ट चिकटवला गेला. गळती थांबली, खोल्या मात्र आणखी तापायला लागल्या.

तेव्हाच मनाशी ठरवलं होतं की स्वतःचं घर बांधलं तर आधी छत, मग बाकीचं. धायरीच्या पुढे आमचं घर झालं, त्यावरून आता दोन उन्हाळे गेले. परवा भाच्याचा फोन आला. तो वाघोलीला बांधतोय. म्हणाला, "मावशी, वर काय घालू? स्वस्तही पाहिजे आणि घर गारही राहिलं पाहिजे." त्याला तासभर जे सांगितलं ते नीट लिहून काढते आहे, कारण हा प्रश्न बहुतेक लोक स्लॅब पडल्यावर विचारतात, आणि तोवर अर्धे पर्याय हातातून गेलेले असतात.

ऊन कुठून येतं

पुणे साधारण साडेअठरा अक्षांशावर आहे. मेच्या मध्याला भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली पडत नाही. जुलैच्या अखेरीस तो पुन्हा तसाच येतो, पण तेव्हा ढग असतात. म्हणजे ऐन उन्हाळ्यात भिंतींवर ऊन तिरकं आणि थोडा वेळ पडतं, गच्चीवर सकाळी आठपासून संध्याकाळी साडेपाचपर्यंत सरळ पडतं. दहा मजली इमारतीत हा त्रास एकाच मजल्याला होतो. बंगल्यात तुम्हीच तो वरचा मजला असता. म्हणून भिंतींना महागडा रंग, खिडक्यांना भारी काचा यांच्या आधी पैसा छतावर जायला हवा.

पाच इंची काँक्रीट स्लॅब ऊन पितो आणि ते खालच्या बाजूला पोहोचायला काही तास लागतात. त्यामुळे खोलीचं छत दुपारी बारापेक्षा संध्याकाळी जास्त तापलेलं असतं. पंखा छताखालची तीच हवा ढकलून खाली आणतो. पुण्याचं हवामान खरं तर आपल्यावर मेहेरबान आहे. एप्रिलमध्ये दुपारी ३८-३९ अंश असले तरी पहाटे बाहेर बहुतेक वेळा २२-२३ च्या आसपास असतं. बाहेर गार आणि आत भट्टी, हे मुख्यतः छतामुळे होतं. छत सुधारलं तर पुण्यात बऱ्याच घरांना वर्षातले दहा महिने पंख्यावर निभावता येतं असं माझं ठाम मत आहे.

पत्रा, कौलं की स्लॅब

पत्रा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात लवकर होणारा. चकचकीत जस्त-ॲल्युमिनियमचा पत्रा ऊन परतवतो म्हणून थंड राहील असं दुकानदार सांगतात. तसं होत नाही. उन्हात ठेवलेलं स्टीलचं पातेलं चमकतं, तरी हात लावला की भाजतो, कारण कोरा धातू शोषलेली उष्णता पुन्हा बाहेर फेकायला फार कमी पडतो. पत्राच घालायचा असेल तर पांढऱ्या रंगाचा घ्या, खाली निदान सहा इंच हवा खेळती राहील अशी पोकळी सोडा आणि त्याखाली सीलिंग करा. दोन पत्र्यांमध्ये पफ (पॉलियुरेथेनचा फोम) भरलेलं सँडविच पॅनेल चांगलं काम देतं, पण मग पत्र्याचा स्वस्तपणा राहत नाही. जुने सिमेंटचे पत्रे मिळतात म्हणून घेऊ नका. त्यात ॲस्बेस्टॉस असतं आणि कापताना, भोकं पाडताना उडणारी धूळ फुफ्फुसांना घातक आहे.

कौलांबद्दल मला जिव्हाळा आहे. पेठांतल्या वाड्यांमध्ये कौलं आणि राहती खोली यांच्यामध्ये माळा असायचा. माळा तापायचा, खालची खोली नाही. कौलांच्या फटींतून गरम हवा निघून जायची. आज लोक तिरका स्लॅब टाकतात आणि त्यावर शोभेची कौलं चिकटवतात. त्यात स्लॅबचाही खर्च, कौलांचाही खर्च, आणि मधली हवा मात्र नाही. मुळशी, वेल्हे, भोरच्या पश्चिमेकडे धो धो पाऊस असतो, तिथे उताराचं छतच योग्य. पुणे शहरात वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर पाऊस पडतो. त्याला सपाट गच्ची व्यवस्थित पुरते, आणि पापड, वाळवणं, सोलर, कपडे सगळ्याला जागा होते.

सपाट स्लॅबमध्येही एक पर्याय विचारून बघा, फिलर स्लॅब. स्लॅबच्या खालच्या भागातलं काँक्रीट ताण घेत नाही, तो शिगा घेतात. म्हणून तिथे शिगांच्या चौकटींमध्ये मंगलोरी कौलं ठेवून काँक्रीट वाचवतात. लॉरी बेकर यांनी केरळात ही पद्धत खूप वापरली. खालून दिसायलाही सुरेख. अडचण एकच, आपल्याकडे त्याची सवय असलेले सेंट्रिंगवाले कमी. आमच्या इंजिनियरांची तयारी होती, पण मिस्त्री पहिल्यांदाच करणार होते, तेव्हा मी मोह आवरला. छत ही शिकाऊ कामाची जागा नाही.

आकडे एकदा मांडून बघा

इमारतीच्या भाषेत यू-मूल्य नावाचा एक आकडा असतो. वरच्या आणि खालच्या बाजूत एका अंशाचा फरक असेल तर छताच्या एका चौरस मीटरमधून किती वॅट उष्णता आत येते, तो हा आकडा. जितका लहान तितकं चांगलं. ऊर्जा दक्षता ब्यूरोने २०१८ मध्ये घरांसाठी काढलेल्या इको निवास संहितेत छताचं यू-मूल्य जास्तीत जास्त १.२ असावं असं म्हटलं आहे. ती मोठ्या भूखंडांवरच्या इमारतींसाठी आहे, पण आपल्यालाही मोजपट्टी म्हणून उपयोगी पडते.

पाच इंची स्लॅब, त्यावर चार इंच ब्रिकबॅट (विटांच्या तुकड्यांचा) कोबा, म्हणजे पुण्यातलं नेहमीचं छत धरलं तर हिशेबाने हा आकडा २.३ च्या आसपास येतो. संहितेच्या जवळजवळ दुप्पट. आमचा स्लॅब १००० चौरस फुटांचा, म्हणजे ९३ चौरस मीटर. तापलेली गच्ची आणि आतली खोली यांत २५ अंशांचा फरक धरा. ९३ गुणिले २.३ गुणिले २५, साधारण ५३०० वॅट. दीड टनाचा एसी पूर्ण जोर लावून एवढीच उष्णता बाहेर काढू शकतो. म्हणजे तुम्ही एसी घ्याल तो माणसांसाठी नाही, छतासाठी.

आता त्याच छतावर दोन इंच जाडीचा एक्सपीएसचा थर घाला. हा थर्मोकोलचाच सख्खा भाऊ, पण घट्ट, बंद पेशींचा, पाणी जवळजवळ न पिणारा. निळ्या, गुलाबी किंवा हिरव्या फळ्यांच्या रूपात मिळतो. यू-मूल्य ०.५ च्या खाली येतं आणि ५३०० चे ११०० वॅट होतात. समजा हा थर घातला नाही आणि गच्ची फक्त पांढरी केली, तर पृष्ठभाग कमी तापतो. २५ अंशांचा फरक १० वर आला तर ५३०० चे सुमारे २१०० होतात. दोन्ही केलं तर साडेचारशेच्या आसपास. हा ढोबळ हिशेब आहे, स्लॅब उष्णता साठवतो तो भाग यात नाही, पण निर्णयाला पुरेसा आहे.

यातून एक गोष्ट निघते, तीच मी भाच्याला पुन्हा पुन्हा सांगितली. पांढरा रंग कधीही देता येतो, पुढच्या वर्षी, पाच वर्षांनी. थर मात्र फरशीच्या खाली जातो. नंतर घालायचा तर गच्ची उकरावी लागते. पैसे मोजकेच असतील तर आत्ता थर घाला आणि रंगासाठी थांबा. तेही जमत नसेल तर निदान पांढरं चायना मोझॅक, म्हणजे पांढऱ्या टाइल्सच्या तुकड्यांची फरशी, सोडू नका.

थर वर की खाली

बरेच जण स्लॅबच्या खाली, म्हणजे फॉल्स सीलिंगच्या वर काचलोकर किंवा थर्मोकोल भरतात. काम सोपं असतं म्हणून कंत्राटदारही तेच सुचवतात. माझा त्याला विरोध आहे. तसं केलं तर स्लॅब आधीसारखाच तापतो. दिवसा फुगतो, रात्री आकसतो, कठड्याजवळ चिरा पडतात आणि तिथूनच पाणी शिरतं. थर वर घातला की स्लॅब सावलीत बसल्यासारखा राहतो आणि वॉटरप्रूफिंगचं आयुष्यही वाढतं.

पैशाचा हिशेबही इथेच जुळला. २०२४ मध्ये मला आलेल्या दरांत एक्सपीएस आणि त्यावरचा पातळ काँक्रीटचा थर मिळून चौरस फुटाला ९० रुपयांच्या आसपास पडत होते, आणि हॉल-बेडरूमच्या जिप्सम सीलिंगचा दर ८५ होता. मी सीलिंग रद्द केलं. घरात दिवे साधे आहेत आणि छत साध्या पांढऱ्या प्लास्टरचं आहे. तुमचे दर वेगळे असतील, पण दोन्ही कोटेशन शेजारी ठेवून बघाच.

कामाचा क्रम

स्लॅब पडल्यावर गाऱ्याचे बांध घालून वाफे करतात आणि पाणी भरून ठेवतात. निदान दहा-बारा दिवस ते आटू देऊ नका. त्यानंतर उतार. आठ फुटांना एक इंच हे माप मिस्त्रींच्या तोंडी असतं आणि ते बरोबर आहे. उतार वरच्या फरशीत काढू म्हणणारे भेटतील, ऐकू नका. वॉटरप्रूफिंगच्या खालीच उतार हवा, नाहीतर झिरपलेलं पाणी आत साचून राहतं. १००० चौरस फुटांना चार इंची किमान दोन पाईप ठेवा आणि कठड्यात एक ओव्हरफ्लोचं भोक. वळवाच्या पावसात गारा आणि पाला मिळून जाळी दहा मिनिटांत तुंबते, आम्ही पहिल्याच वर्षी बघितलं. भोक होतं म्हणून जिन्यातून पाणी आलं नाही.

उतारावर वॉटरप्रूफिंगचा लेप, आणि तो कठड्यावर फूटभर चढवायचा. कठडा आणि गच्ची मिळतात त्या कोपऱ्यात सिमेंटचा गोलसर भराव (वाटा) करून घ्या. काटकोनात लेप हमखास चिरतो. मग पाईप बंद करून गच्ची पाण्याने भरायची आणि निदान दोन दिवस ठेवायची. आमच्या इथे दुसऱ्या दिवशी बाथरूमच्या वरच्या कोपऱ्यात तळहाताएवढा ओलावा दिसला. मिस्त्री म्हणाले, "ताई, आत्ता दिसलं ते बरं झालं, फरशीखाली गेलं असतं तर शोधता आलं नसतं." एक पाईप ओवताना लेप फाटला होता. दुरुस्त केला, पुन्हा पाणी भरलं, मगच पुढे गेलो.

आता एक्सपीएसच्या फळ्या. वीटकामासारख्या सांधे चुकवून बसवायच्या, सांधे टेपने बंद करायचे. त्या चिकटवायला डांबराचं किंवा थिनर असलेलं कोणतंही द्रव्य वापरू देऊ नका, फळ्या पॉलिस्टायरीनच्या असतात आणि ते त्यात विरघळतं. विकत घेताना दाब सहन करण्याची ताकद पाकिटावर बघा, २५० ते ३०० किलोपास्कलची घ्या. फळ्या आणून उन्हात महिनाभर टाकू नका, त्या पिवळ्या पडून भुरभुरतात. साधा पांढरा थर्मोकोल स्वस्त पडतो, पण तो पाणी धरतो. वापरायचाच तर घट्ट प्रतीचा आणि वॉटरप्रूफिंगच्या खाली. फळ्यांवर विणलेल्या कापडासारखी चादर, त्यावर जाळी घालून दोन इंच काँक्रीट, चौकोनांमध्ये सांधे सोडून. सर्वात वर पांढऱ्या टाइल्सच्या तुकड्यांचं चायना मोझॅक.

चायना मोझॅक का, असं भाच्याने विचारलं. चांगला परावर्तक रंग पहिल्या वर्षी त्याच्याइतकाच किंवा जास्तही काम करतो. रंग घेणार असाल तर डब्यावरचा किंवा माहितीपत्रकातला एसआरआय नावाचा आकडा (पृष्ठभाग उन्हात किती कमी तापतो ते सांगणारा) मागा, शंभरच्या जवळपासचा चांगला. पण पुण्यात धूळ आहे, पावसाळ्यात शेवाळ आहे, आणि तीन ते पाच वर्षांनी रंग पुन्हा द्यावा लागतो. पांढरी चकचकीत टाइल घासली की पुन्हा पांढरी. आमच्याकडे दिवाळीच्या साफसफाईत गच्ची एकदा घासली जाते आणि होळीच्या सुमारास पुन्हा एकदा, म्हणजे उन्हाळा लागायच्या वेळी ती स्वच्छ असते. टाइलच्या दुकानांतला फुटका माल घेतला तर सामान स्वस्त मिळतं, मजुरी मात्र लागते. तुकडे फार गुळगुळीत घेऊ नका, ओल्या गच्चीवर म्हातारी माणसं घसरतात. हात अगदीच आखडता असेल तर मार्चमध्ये चुन्याचे दोन हात द्या. पावसात धुऊन जातात, पण त्या उन्हाळ्यापुरतं मनापासून काम करतात.

दुसऱ्या मेमध्ये मी कॉलेजातून इन्फ्रारेड थर्मामीटर आणला होता. दुपारी दोनला शेजारच्या राखाडी कोब्यावर ६१ अंश, आमच्या मोझॅकवर ४३. शेजारच्या काकूंनी हात लावून बघितला, मग चप्पल काढून उभ्या राहिल्या.

रात्रीची हवा

उष्णता रोखणारं छत आतली उष्णताही रोखून धरतं, हे विसरू नका. स्वयंपाकाची, माणसांची, पश्चिमेच्या भिंतीची उष्णता रात्री बाहेर गेली पाहिजे. त्यासाठी आम्ही जिन्याच्या वरच्या खोलीला, गच्चीच्या दाराच्या वर, जाळीसह झडपांची खिडकी ठेवली. रात्री तळमजल्याच्या दोन खिडक्या आणि ती झडप उघडली की गरम हवा जिन्यातून वर निघून जाते आणि खालून गार हवा ओढली जाते. वीज लागत नाही. खर्च एका खिडकीचा. सकाळी नऊच्या आत मात्र सगळं बंद करायचं. ही सवय घरातल्या सगळ्यांना लागायला एक महिना गेला.

सोलरचं आधीच ठरवा

पॅनेल आज लावा किंवा पाच वर्षांनी, त्याचे काँक्रीटचे चबुतरे वॉटरप्रूफिंगच्या आधी बांधून घ्या. तयार गच्चीत ड्रिल मारून स्टँड बसवणं म्हणजे स्वतःच्या हाताने गळती लावणं. एका किलोवॅटला ढोबळमानाने १०० चौरस फूट जागा लागते आणि दिवसाला सरासरी चारेक युनिट मिळतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत दोन किलोवॅटपर्यंत किलोवॅटमागे ३०,००० रुपये आणि तीन किंवा त्याहून जास्त किलोवॅटला एकूण ७८,००० रुपये अनुदान आहे. आम्ही तीन किलोवॅट घेतलं, तोंड दक्षिणेला. त्याच्याखालची तीनशे फूट गच्ची दिवसभर सावलीत असते, तो फायदा कोणी कोटेशनमध्ये लिहीत नाही. झाडू जाईल एवढी उंची ठेवा. पाण्याच्या टाकीची आणि शेजारच्या इमारतीची सावली पॅनेलवर पडणार नाही ना, ते डिसेंबरच्या उन्हात बघा, तेव्हा सूर्य खाली असतो.

पावसाच्या पाण्याचे पाईपही त्याच बैठकीत ठरवा. आमच्या एवढ्या गच्चीवर वर्षाला पन्नास हजार लिटरच्या वर पाणी पडतं. गाळणीतून ते बोअरकडे वळवायला स्लॅबच्या वेळी फार खर्च येत नाही.

राहिलं वजन. उताराचा थर, जाळीचं काँक्रीट आणि मोझॅक मिळून चौरस मीटरला अडीचशे किलोच्या वर भार येतो. नेहमीचा चार इंची कोबासुद्धा पावणेदोनशे-दोनशे किलोचा असतो. पुढे कुंड्या, माती, टाकी यांचा विचार असेल तर तेही धरायला हवं. हे सगळं स्ट्रक्चरल इंजिनियरना शिगांचं ड्रॉइंग काढायच्या आधी कळलं पाहिजे, नंतर नाही. भाच्याचं सेंट्रिंग पुढच्या आठवड्यात लागतंय. त्याला म्हटलं, आजच एका कागदावर थरांची यादी आणि जाडी लिही, चबुतऱ्यांच्या जागा खुणेने दाखव आणि उद्या सकाळी इंजिनियरकडे जा.